बाबा, हा कमाला कधीच बोलत का नाही? (जुनी डब्ल्यूडब्ल्यूएफ कार्डं आणि एक अडचणीचा प्रश्न)

सांगलीकर_संज्या

नमस्कार मंडळी. विभाग चुकला असेल तर ॲडमिननी धागा हलवावा.

माळा आवरताना माझी शाळेतली डब्ल्यूडब्ल्यूएफची (ती अमेरिकेतली ठरवून लढायची कुस्ती, आताची डब्ल्यूडब्ल्यूई) कार्डं सापडली. रँक, चेस्ट, बायसेप्स ओरडत ज्यांनी मधली सुट्टी घालवली त्यांना जास्त सांगायला नको. पोरगा सहावीत आहे, हल्ली नेटफ्लिक्सवर त्यांचा रॉ हा साप्ताहिक कार्यक्रम बघतो, त्यामुळे गठ्ठा लगेच जप्त झाला. अंडरटेकर, ब्रेट हार्ट वगैरे बघून झाले आणि गडी कमालावर येऊन थांबला. तोंडावर रंगाचे पट्टे, पोटावर चंद्र-चांदण्या, कमरेला कातड्यासारखं काहीतरी, पाय अनवाणी. "बाबा, हा खरंच युगांडाचा होता का? आणि हा कधीच बोलत का नाही?"

शोधलं तर हा माणूस अमेरिकेतल्या मिसिसिपीचा निघाला. नाव जेम्स हॅरिस.

मग मीच काळ्या पैलवानांचं एकेक कार्ड काढून बघत बसलो. पापा शँगो, तोंडावर कवटी रंगवलेला मांत्रिक. व्हर्जिल, कोट्यधीश टेड डिबियासीचा नोकर. जंकयार्ड डॉग, गळ्यात चक्क कुत्र्याचा पट्टा आणि साखळी. तिकडे गोरा ब्रेट हार्ट मात्र आपला ब्रेट हार्टच. लहानपणी हे डोळ्यांसमोर होतं, पण कधी एकत्र मांडून बघितलं नव्हतं.

तर जाणकारांनो: हे सगळं मुद्दाम होतं का? तिथल्या काळ्या लोकांना बघताना काय वाटायचं? आणि आता खरंच बदललंय, की नुसता तोंडाचा रंग पुसलाय? पोरगा रोज विचारतोय आणि मी रोज जेवण झाल्यावर सांगतो म्हणतोय.

जाऊ_द्या_काका

संजयराव, ती नुरा कुस्ती. त्यात कसला आलाय वर्णद्वेष? तिथं सगळ्यांचीच टिंगल असते. आयर्न शेख इराणचा म्हणून वाईट, निकोलाय वोल्कॉफ रशियाचा म्हणून वाईट, योकोझुना जपानी सुमो म्हणून वाईट (आणि तो जपानी नव्हताच, सामोअन वंशाचा अमेरिकन). आपला खलीसुद्धा तसाच, आल्या आल्या माणसं उचलून फेकायला लावली आणि नंतर नाचायला. सगळ्यांना एकाच मापाने मोजलं तर द्वेष कुठून आला? पोराला म्हणावं अभ्यास कर.

मेम्फिसकर

काका, तुमच्या मुद्द्याकडे येतोच. आधी संज्याभाऊंचं बघू, कारण त्यांचा कमाला आमच्या गावचा आहे.

मी मूळ कुंडलचा, आता बरीच वर्षं टेनेसीत मेम्फिसला. कमाला हे पात्र युगांडात नव्हे, इथं जन्मलं, 1982 साली. जेम्स हॅरिस इथून दक्षिणेला तासाभराच्या आत असलेल्या सेनाटोबियाचा. लहानपणी कापूस वेचलेला, ट्रक चालवलेला, साडेसहा फुटी, पावणेदोनशे किलोंचा गडी. जेरी लॉलर (होय, पुढे कॉमेंट्रीला बसायचा तोच) आणि इथला प्रमोटर (कुस्त्या भरवणारा) जेरी जॅरेट यांनी त्याचा कमाला केला. लॉलर उत्तम चित्रं काढतो, तोंडावरची रंगरंगोटी त्याच्याच डोक्यातली. युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनचा माजी अंगरक्षक अशी ओळख ठोकून दिली. आफ्रिकेचं म्हणून जे जंगल दाखवलं, ते टेनेसीतल्याच झाडीचं चित्रीकरण.

बोलत का नाही? बोलला असता तर पहिल्याच वाक्याला मिसिसिपीचा हेल आला असता, हे एक. पण खरी गंमत (गंमत म्हणवत नाही) वेगळीच आहे. त्याला सांभाळायला एक माणूस दिलेला होता, किम ची. डोक्यावर सोला टोपी, अंगात सफारी, तोंडावर मुखवटा. शिकारी साहेब आणि त्याने धरून आणलेला रानटी माणूस, असा तो जोडीचा देखावा. आणि कमालाला चीतपट म्हणजे काय हेच कळत नाही असं दाखवायचे. समोरच्याला आपटून पालथाच ठेवायचा आणि वर आडवा व्हायचा. रेफ्री मोजेना की हा बावरून बघायचा. मग किम ची बाहेरून हातवारे करणार, अरे उलटा कर त्याला. लोक हसून लोळायचे. आमच्या कुंडलच्या मैदानावर बापाच्या खांद्यावर बसून आलेल्या पोराला चीतपट कळते. आणि हा जन्मभर त्याच धंद्यात असलेला व्यावसायिक पैलवान.

हॅरिसची कमाल अशी, की ते तो इतकं चोख करायचा की आपल्यालाही खरं वाटायचं. पोटावर थापट्या मारत येणं, शवपेटी बघून अंडरटेकरला भिणं. 1992 ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर समरस्लॅम नावाच्या मोठ्या कार्यक्रमात त्या दोघांची कुस्ती झाली, हजारो लोकांसमोर. पुढच्या वर्षी त्याला चांगला माणूस करायचं ठरलं, तर कसं? रेव्हरंड स्लिक नावाचा पाद्री (तोही काळाच) त्याला बोलिंग खेळायला शिकवतो आणि सांगतो की बाबा रे, तू माणूस आहेस. म्हणजे तोपर्यंत कोण होता, असा प्रश्न लिहिणाऱ्याला पडला नसावा. ते फार चाललंही नाही. नंतर हॅरिस परत ट्रकवर गेला. मधुमेहाने दोन्ही पाय गेले, 2020 च्या ऑगस्टमध्ये कोविडने वारला. पैशांच्या बाबतीत आपल्याला समोरच्यांच्या मानाने फार कमी मिळालं, हे तो मुलाखतींत कडवटपणे सांगायचा. कमाला म्हणून मिळालेल्या प्रसिद्धीचा मात्र त्याला अभिमान होता. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या, त्यातली एकच उचलू नका.

दुसरा प्रश्न, काळ्या प्रेक्षकांना काय वाटायचं. मी सगळ्यांच्या वतीने सांगू शकत नाही. आमच्या ऑफिसात निवृत्तीला आलेले एक काळे गृहस्थ आहेत, त्यांना एकदा डबा खाताना विचारलं. म्हणाले, "तो सेनाटोबियाचा आहे हे आम्हाला ठाऊकच होतं, माझी आत्या तिथे राहायची. तरी सोमवारी कुस्ती बघायला कोलिझियमला जायचो. गोऱ्या माणसाला उचलून आपटणारा काळा माणूस टीव्हीवर दुसरा कुठे दिसत होता?" पुढे म्हणाले, "माझी आई मात्र तो आला की टीव्ही बंद करायची." आणि परत डब्याकडे वळले.

या गावाची आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय मेम्फिसची कुस्ती कळत नाही. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस इथे स्पुटनिक मनरो नावाचा एक गोरा पैलवान होता, एक नंबरचा उर्मट, खलनायकाचं काम करणारा. त्याला काळी जनता डोक्यावर घ्यायची, कारण हा बील स्ट्रीटवर काळ्यांच्या अड्ड्यांत जाऊन दारू प्यायचा, त्यांच्यात मिसळायचा. पोलिसांनी त्यावरून पकडला तर पठ्ठ्याने कोर्टात काळा वकील उभा केला. तेव्हा एलिस ऑडिटोरियममध्ये काळ्यांनी फक्त वरच्या बाल्कनीत बसायचं असा दंडक. बाल्कनी भरली की दरवाजा बंद. मनरोने दारावरच्या माणसाला पैसे चारले आणि मोजताना आकडा कमी सांगायला लावला. वर पाय ठेवायला जागा उरेना, बाहेर तिकिटं घेऊन लोक उभे. मग हा म्हणाला, यांना खाली बसू देत नसाल तर मी लढत नाही. प्रमोटरने गल्ला बघितला आणि खालच्या खुर्च्या उघडल्या.

लक्षात घ्या, दार उघडलं ते गल्ल्याने. मला या धंद्याबद्दल काही म्हणायचं असेल तर ते एवढंच आहे. तिकीट काळ्या माणसाचं चालत होतं, त्याला बसायला खुर्चीही मिळाली. पण रिंगमध्ये शेवटी विजेतेपदाचा पट्टा कुणाच्या कमरेला, हे ठरवणाऱ्या खोलीत तो नव्हता. संज्याभाऊ, कार्डावरचा पोशाख बघूच नका. कोण जिंकायचं ते बघा.

आता काका तुम्ही. आयर्न शेखचं उदाहरण दिलंत, उत्तम दिलंत. तो 1983 च्या डिसेंबरात गोऱ्या बॉब बॅकलंडला हरवून डब्ल्यूडब्ल्यूएफचा चॅम्पियन झाला. योकोझुना तर 1993 ला दोनदा झाला. म्हणजे टिंगल सगळ्यांची, हे मान्य. पण इराणी खलनायकाला पट्टा मिळाला, खोट्या जपान्याला मिळाला. तो पट्टा 1963 पासूनचा. पहिला काळा माणूस त्यावर आला 1998 च्या नोव्हेंबरात, द रॉक, आणि त्याची ओळखसुद्धा कंपनी आईकडच्या सामोअन घराण्यावरून जास्त द्यायची. पस्तीस वर्षं. मधल्या काळात पैलवान नव्हते असं नाही. बोबो ब्राझील होता, अर्नी लॅड होता, रॉकचा बाप रॉकी जॉन्सन होता. जॉन्सन आणि टोनी ॲटलस यांनी 1983 ला जोडीचा पट्टा जिंकला. हाच टोनी ॲटलस, पिळदार अंगाचा, लोकांना नावानिशी माहीत असलेला. 1990 ला त्याला परत आणला तो सबा सिम्बा करून: डोक्याला पिसं, हातात भाला आणि ढाल. कॉमेंट्री करणारेसुद्धा ओळखत होते, लोकही ओळखत होते. असा प्रकार बॅकलंडच्या बाबतीत झालेला दाखवा, मी धागा सोडून जातो.

उंबरठा

मेम्फिसकर, डोक्याचं राहिलं. काळ्या पैलवानाचं डोकं दगडाचं, हा एक ठरलेला प्रकार. बोबो ब्राझीलचा हुकमी डाव म्हणजे डोक्याची धडक, नाव "कोको बट". जंकयार्ड डॉग तर चार पायांवर रांगत येऊन धडका मारायचा. आणि समोरच्याने याचं डोकं खांबावर आपटलं तर याला काहीच व्हायचं नाही, उलट आपटणाराच गोंधळून बघायचा. लहानपणी भारी वाटायचं ते. त्याच्या मागे काय समजूत आहे हे कळल्यापासून बघवत नाही.

बाकी मी वर्गातला सगळ्यात काळा. पापा शँगो म्हणून हाका मारायचे. मास्तरसुद्धा एकदा म्हणाले. असो.

मेम्फिसकर

उंबरठा, मास्तरांचं वाचून जेवण कडू झालं.

जंकयार्ड डॉगबद्दल मात्र दोन शब्द जास्त, कारण तो सगळ्यात गुंतागुंतीचा आहे. सिल्व्हेस्टर रिटर, नॉर्थ कॅरोलिनाचा. नाव कुत्र्याचं, गळ्यात साखळी, वाचूनच अंगावर काटा येतो. पण न्यू ऑर्लिन्समध्ये 1980 च्या सुमाराला तो देव होता. बिल वॉट्स नावाच्या गोऱ्या प्रमोटरने त्याला आपल्या सगळ्या इलाख्याचा पहिल्या नंबरचा नायक केला, तेव्हा दक्षिणेत हे कुणी करत नव्हतं. गोष्ट अशी रचली की खलनायकांनी त्याच्या डोळ्यांत रसायन घालून आंधळा केलंय आणि त्याला नवजात मुलगी बघता येत नाहीये. लोकांनी रडून पैसे पाठवले. एकजण बंदूक घेऊन रिंगपाशी आला होता, डॉग, मी तुझ्या पाठीशी आहे म्हणत. सुपरडोम त्याच्या नावावर भरायचा. पुढे तो डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये गेला तेव्हा काय केलं? लहान मुलांना रिंगमध्ये बोलावून त्यांच्याबरोबर नाचायचं. लोकप्रिय भरपूर, पण कंपनीचा मोठा पट्टा काही त्याच्याकडे आला नाही.

आणि हा बिल वॉट्स साधा माणूस नाही बरं का. 1992 ला डब्ल्यूसीडब्ल्यू या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या प्रतिस्पर्धी कंपनीचा कारभार त्याच्या हातात आला आणि 2 ऑगस्टला बाल्टिमोरमध्ये त्याने रॉन सिमन्सला व्हेडरकडून पट्टा जिंकू दिला. मोठ्या कंपनीचा मान्यताप्राप्त पहिला काळा विश्वविजेता. पुढच्याच वर्षी वॉट्सला जावं लागलं. कारण त्याची एक जुनी मुलाखत बाहेर आली, दुकानदाराला काळ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायचा हक्क असावा अशा अर्थाची. तो कागद पोचला हँक ॲरनच्या हातात. बेसबॉलचा तो महान खेळाडू, स्वतः काळा, तेव्हा डब्ल्यूसीडब्ल्यूचा मालक टेड टर्नर याच्याच कंपनीत मोठ्या पदावर. म्हणजे ज्याने पट्टा दिला त्याचे विचार हे. मी हे कितीतरी वेळा डोक्यात फिरवून बघितलंय, नीट बसत नाही. बहुतेक परत गल्लाच.

जाऊ_द्या_काका

पट्ट्याचा मुद्दा मान्य. पण हे सगळं जुनं झालं. आता काळे चॅम्पियन आहेतच की.

निशिगंधा_के

काका, जुनं म्हणजे किती जुनं? 2003 च्या रेसलमेनियाआधी (डब्ल्यूडब्ल्यूईचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम) गोऱ्या ट्रिपल एचने काळ्या बुकर टी ला टीव्हीवर सुनावलं की तुझ्यासारख्या लोकांना विश्वविजेता होता येत नाही. वर त्याच्या केसांवरून हिणवलं, तुरुंगात जाऊन आलाय ते काढलं. कुस्तीचा साधा नियम आहे, खलनायक असं बोलला की नायकाने त्याला त्याच रात्री लोळवायचं, त्यासाठीच तर ते बोलायला लावतात. सिएटलच्या त्या रेसलमेनियात काय झालं? ट्रिपल एच जिंकला. डाव टाकल्यावर बराच वेळ नुसता पडून राहिला, मग सावकाश एक हात बुकरच्या अंगावर टाकला, आणि तेवढ्यात तीन मोजून झाले! म्हणजे खलनायकाचं म्हणणं खरं ठरवून सगळे घरी गेले. मी दादाबरोबर बघत होते, त्याने रिमोट सोफ्यावर फेकला होता.

2006 ला क्राइम टाइम नावाची जोडी आणली. दोन काळी पोरं, काम काय तर दिसेल ते चोरायचं. कंपनीचं म्हणणं, आम्ही या समजुतीचीच खिल्ली उडवतोय. त्यातल्या शॅड गॅस्पार्डचं पुढे काय झालं ते वाचा. 2020 ला व्हेनिस बीचवर तो आणि त्याचा लहान मुलगा पाण्याच्या ओढीत सापडले. जीवरक्षकाला म्हणाला, आधी पोराला घे. पोरगा वाचला, हा गेला.

बदल झालाय, नाही कसं. आणि तो पैलवानांनी स्वतः ओढून आणलाय. न्यू डे बघा. 2014 ला कोफी, बिग ई आणि झेवियर वुड्स यांना टाळ्या वाजवत चर्चमधल्या प्रवचनकारासारखं नाचायला लावलं. लोक वैतागले, हुर्यो उडवायला लागले. या तिघांनी तेच नाटक इतकं ताणलं, त्यात ट्रॉम्बोन आणला, युनिकॉर्नची शिंगं आणली, नाश्त्याचं खोटं सीरिअल विकलं, की शेवटी ते फक्त त्यांचंच झालं. कोफी घानात जन्मलेला, पण सुरुवातीला त्याला जमैकाचा म्हणून खोटा हेल काढायला लावलेला. 7 एप्रिल 2019 ला त्याने डॅनियल ब्रायनला हरवून कंपनीचा मोठा पट्टा जिंकला, त्याची दोन मुलं रिंगमध्ये आली. मी पहाटेपासून जागी होते, ऑफिसात डोळे सुजवून गेले.

आणि ऑक्टोबरमध्ये त्याच कोफीला ब्रॉक लेस्नरने दहा सेकंदांच्या आत संपवला. नंतर परत लढायची संधी नाही, रागही नाही, पुढच्या आठवड्यापासून जणू काही झालंच नाही.

माझी लाडकी बियांका बेलएअर. 2021 ला टॅम्पामध्ये ती आणि साशा बँक्स यांनी रेसलमेनियाच्या पहिल्या रात्रीची शेवटची कुस्ती केली, दोन काळ्या बायका त्या जागी पहिल्यांदाच. घंटा वाजायच्या आधी दोघी एकमेकींकडे बघून रडत होत्या, नाटक वाटत नव्हतं. बियांका आपले पोशाख स्वतः शिवते, वेणीचा चाबूक करते. आणि चारच महिन्यांत समरस्लॅमला तिला बेकी लिंचने 26 सेकंदांत हरवलं. नंतर बियांकाने वर्षभर पट्टा ठेवला, ते कबूल. पण मेम्फिसकर म्हणतात ना कोण जिंकतं ते बघा, त्यात मी भर घालते: किती वेळात हरवलं तेही बघा.

सांगलीकर_संज्या

बापरे. एवढं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. उंबरठा, मास्तरांबद्दल वाचून वाईट वाटलं.

काल रात्री पोराला कमालाचं सांगितलं. सेनाटोबिया, किम ची, पालथा पाडून वर आडवं होणं, सगळं. तो म्हणाला, "मग त्याने ऐकलं कशाला? तो तर सगळ्यांपेक्षा मोठा होता." यावर मी जेवण झाल्यावर सांगतो म्हणालो.

आता त्याला एखादी जुनी कुस्ती दाखवायची आहे. कुठली दाखवू?

मेम्फिसकर

का ऐकलं, त्याचं उत्तर सोपं आहे. ट्रक चालवण्यापेक्षा जास्त पैसे होते आणि नको म्हटलं असतं तर दारात दुसरा उभा होता. सहावीतल्या पोराला हे कळतं, सांगा बिनधास्त.

कुस्ती म्हणाल तर सिमन्स विरुद्ध व्हेडर, बाल्टिमोर. त्या दिवशी व्हेडरशी लढणार होता स्टिंग. त्याला जखमी दाखवलं आणि कुणाला संधी द्यायची याची सोडत काढली, त्यात सिमन्सचं नाव आलं. त्यामुळे लोक काही अपेक्षा ठेवून बसलेलेच नव्हते. सिमन्स व्हेडरला उचलून आपटतो, तीन मोजतात आणि सगळं सभागृह उठतं. ना भाला, ना साखळी, ना नाच. फ्लोरिडा स्टेटचा माजी फुटबॉलपटू, तसाच दिसणारा.

निशिगंधा_के

त्यानंतर कोफी-ब्रायन लावा. आणि बुकर टी ची ती 2003 वाली अजिबात नको, तुमचा टीव्ही नवा असेल तर.